कुतूहलाचा नैतिक अधिकार

लिलियन जॅक्सन ब्राउन यांच्या ‘द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्‌स’ (१९६६) या रहस्यकादंबरीचा नायक क्विलरन पूर्वी गुन्हेविषयक वार्तांकन करणारा पत्रकार. नव्या दैनिकात त्याच्याकडे कलाजगतावर लिहिण्याचे काम येते आणि खून घडताच तो हौशी शोधक बनतो. चित्रकार त्याच्याशी बोलतात ते प्रसिद्धीच्या अपेक्षेने. त्या बोलण्यातून अपराध हुडकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? पोलिसी चौकशीत माणूस सावध असतो, मुलाखतीत नसतो. अपराधी सापडला की साधन आपोआप शुद्ध ठरते, हे या साहित्यप्रकाराचे गृहीतक होय. रहस्यकथेच्या शेवटी समाजाला त्याचे निरपराधपण परत मिळते, असे सूत्र ऑडेन यांनी १९४८ मधील निबंधात मांडले. परंतु शोधाच्या ओघात निरपराध व्यक्तींची गुपितेही उघडी पडतात आणि खुनी पकडला गेला म्हणून ती पुन्हा झाकली जात नाहीत. मृताच्या न्यायाची किंमत अशा रीतीने जिवंतांच्या विश्वासातून वसूल होते. वाचकही या व्यवहाराबाहेर राहत नाही. त्या गुपितांचा आस्वाद तोच घेत असतो. म्हणूनच खुनी कोण या प्रश्नाबरोबर, ज्यांचा काहीच अपराध नव्हता त्यांचे कथेत पुढे काय झाले, हाही प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे.