किती वाकावं?

‘तो कोणापुढे वाकत नाही’ हे आपल्याकडे मोठं प्रशस्तिपत्र आहे. न्यायाधीश, परीक्षक, पंच, क्वचित एखादा अधिकारी यांच्याबद्दल आपण ते आदरानं म्हणतो. मी वजन आणि बल मोजणाऱ्या साधनांच्या डिझाइनचं काम करतो, आणि या कामामुळे माझा त्या प्रशस्तिपत्रावरचा विश्वास बराच कमी झाला आहे. कारण जी वस्तू अजिबात वाकत नाही, तिला काहीच मोजता येत नाही.

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. त्याच्या ताटलीखाली अ‍ॅल्युमिनियमचा एक आडवा ठोकळा असतो. तो लोडसेल. त्याच्या मधोमध भोकं पाडून काही जागा मुद्दाम पातळ ठेवलेल्या असतात. वजन ठेवलं की त्या पातळ जागा किंचित वाकतात. तिथेच स्ट्रेन गेज नावाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. १९३८च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना त्या स्वतंत्रपणे सुचल्या. पट्टी ताणली गेली की तिचा विद्युतरोध वाढतो. किती? पूर्ण भार असताना मिलिमीटरभर लांबी साधारण एका मायक्रॉननं वाढते आणि ३५० ओहमच्या पट्टीत फरक पडतो जेमतेम ०.७ ओहमचा. एवढ्याशा वाकण्यावर तुमच्या तुरीच्या डाळीचा हिशोब चालतो.

डिझाइन करताना पहिला प्रश्न हाच असतो, की किती वाकू द्यायचं. पातळ जागा जाड ठेवली तर साधन दणकट होतं, पण हलकं वजन त्याला जाणवतच नाही. फार पातळ केली तर लहानसा भारही कळतो, पण एखादं पोतं आदळलं की ती कायमची वाकडी होते. म्हणून बीमच्या खाली, केसभर अंतरावर, एक थांबा ठेवतात. भार मर्यादेपलीकडे गेला की बीम त्यावर टेकतो आणि जास्तीचा भार सांगाडा उचलतो. आयसीयूत काम करणाऱ्या नर्सबद्दल लोक म्हणतात, ‘यांना काही वाटत नाही.’ मला तिथे तो थांबा दिसतो. तिला वाटतं, पण एका मर्यादेपर्यंत. त्यापुढचा भार उचलायला सांगाडा हवा, म्हणजे पुरेसे सहकारी, सुट्टी आणि ड्युटी संपण्याची ठरलेली वेळ. तो सांगाडा न देता तिच्याकडून फक्त संवेदनशीलता मागणं हे वाईट डिझाइन आहे.

दुसरा प्रश्न दिशेचा. गिऱ्हाईक पिशवी ताटलीच्या मध्यभागी ठेवेलच असं नाही, कोपऱ्यातही ठेवेल. तेव्हा बीमला पीळ बसतो. म्हणून आकार असा निवडतात, की बीम वर-खाली सहज हलेल आणि पिळाला मात्र ताठ राहील. उन्हाचं काय? उन्हानं पट्ट्यांचा रोध बदलतोच, तो थांबवता येत नाही. मग चार पट्ट्या अशा जोडतात, की वजनानं दोन ताणल्या जाव्यात आणि दोन दाबल्या जाव्यात. ऊन चौघींना सारखंच लागतं, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ‘माझ्यावर आडनावाचा, दिसण्याचा, इंग्रजीचा परिणाम होत नाही’ असं म्हणणाऱ्या परीक्षकापेक्षा, परिणाम होतो हे गृहीत धरून उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकणारी पद्धत जास्त निःपक्ष असते.

तिसरा प्रश्न परतण्याचा. चढत्या क्रमानं वजनं ठेवत गेलं तर दहा किलोला एक आकडा मिळतो. उतरत्या क्रमानं आलं तर त्याच दहा किलोला किंचित वेगळा. याला हिस्टेरिसिस म्हणतात. तोंडी परीक्षेत हुशार मुलीनंतर आत जाणाऱ्या साधारण मुलाला हे नाव माहीत नसतं, पण अनुभव असतो. चांगलं साधन आधीचा भार विसरून पुढच्याला सामोरं जातं.

इथे मात्र माणूस आणि धातू वेगळे होतात. मित्राचं दुःख ऐकून मी दुसऱ्या दिवशी पूर्ण शून्यावर आलो, तर तो माझा गुण नाही. मैत्रीत वाकल्याची खूण राहायलाच हवी. न्याय करताना ती राहू नये. एकाच माणसाला दिवसभरात ही दोन्ही कामं करावी लागतात, आणि त्यासाठी कुठला आकार घ्यावा हे मला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडलेलं नाही.

पण एक गोष्ट दोघांना सारखीच लागू आहे. ऊस पट्ट्यात काटामारीच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. ट्रॉली वजनकाट्यावर चढण्याआधी शेतकरी आकडा बघतो. शून्य असतं, त्याला हायसं वाटतं. पण रिकाम्या काट्याचं शून्य बरोबर असूनही प्रत्येक टनामागे एक टक्का कमी दिसू शकतं. वीस टन उसात ते दोनशे किलो होतात, म्हणजे कुणाची तरी मेहनत. ही चूक रिकाम्या काट्याकडे कितीही वेळ बघून कळत नाही. त्यासाठी बाहेरून, माहीत असलेलं वजन आणून ठेवावं लागतं. ते वजन वैधमापन विभागानं तपासलेलं असावं लागतं, आणि त्या विभागाची वजनंही वरच्या प्रयोगशाळेत तपासली जातात. ती साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. स्वतःच्या खरेपणाचा दाखला कुठल्याही काट्याला स्वतः देता येत नाही.

आपण निःपक्ष आहोत असं आपल्याला बहुतेक वेळा रिकामे असताना वाटतं, जेव्हा समोर कोणी नसतं आणि निर्णयाची किंमत कोणी मोजत नसतं. तेव्हा सगळेच शून्यावर असतात. म्हणून ज्याचं वजन आपल्याला आधीच माहीत आहे, असा एखादा माणूस आयुष्यात असावा. त्यानं अधूनमधून आपल्यावर भार टाकावा आणि आपण दाखवलेला आकडा चुकीचा असेल तर तोंडावर सांगावं. त्या वेळी मात्र जरूर वाकावं.