सहाशे मापांचा निरीक्षक

चीनच्या हान साम्राज्यात अधिकाऱ्याचा दर्जा धान्याच्या मापात सांगत. दोन हजार मापांचा अधिकारी म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख. सारा, न्यायनिवाडा, तुरुंग, हाताखालच्या माणसांची निवड, सगळे त्याच्या हाती. जिल्हे लहान नव्हते. नानयांग या एकट्या जिल्ह्याची लोकसंख्या इ.स. 140 च्या सुमाराच्या गणतीत 24 लाखांवर भरली होती. एवढ्या माणसांचे बरेवाईट ज्याच्या शब्दावर ठरे, त्याच्या कारभाराची झडती घ्यायला दरबार कोणाला पाठवी? सहाशे मापांच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला.

सम्राट वू याने इ.स.पू. 106 मध्ये ही पद्धत घातली. राजधानीभोवतालचा मुलूख सोडून उरलेल्या देशाचे तेरा विभाग, म्हणजे प्रांत, पाडले आणि प्रत्येकात एक निरीक्षक नेमला. त्याने काय तपासायचे याची सहा कलमे ठरलेली होती. पहिले कलम हद्दीबाहेर जमिनी बळकावून दुबळ्यांना नाडणाऱ्या बड्या घराण्यांबद्दल. उरलेली पाचही जिल्हाप्रमुखांबद्दल: आज्ञा डावलून स्वतःची तुंबडी भरणे, खटल्यांत मन मानेल तशी शिक्षा देणे, मर्जीतल्यांच्या नेमणुका करणे, मुलांनी बापाच्या पदाचा धाक दाखवणे आणि गावच्या धनिकांशी साटेलोटे करणे. या सहांबाहेर निरीक्षकाने नाक खुपसायचे नाही असा दंडक होता. त्याच्यापाशी फौज नव्हती, खजिना नव्हता, कोणाला बडतर्फ करण्याचा अधिकार नव्हता. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास दौऱ्याला निघायचे, पाहायचे, ऐकायचे आणि वर्षअखेरीस राजधानीत जाऊन सांगायचे, एवढेच त्याचे काम.

हान साम्राज्य का मोडले याची चर्चा होते तेव्हा बोट हमखास 188 सालाकडे जाते. त्या वर्षी प्रांतांवर बलाढ्य अधिपती नेमले गेले, त्यांनी फौजा उभारल्या आणि पुढे राज्य वाटून घेतले, असा तो हिशेब. तो खोटा नाही. पण मला त्यात एक मोठी नोंद राहून गेल्यासारखी वाटते. त्या वर्षी प्रांतांना सत्ताधीश मिळाला हे खरे, आणि त्याच दिवशी त्यांचा तपासनीस नाहीसा झाला. सत्ताधीश निर्माण करायला दरबाराने वापरला तो नेमका तपासनिसाचाच हुद्दा.

तपासनिसाला मोठे करण्याचा हा मोह 188 साली पहिल्यांदा झाला नव्हता. इ.स.पू. 8 मध्ये दोन मंत्र्यांनी सम्राटापुढे तक्रार मांडली की खालच्या दर्जाच्या माणसाने वरच्या दर्जाच्या माणसाची चौकशी करणे ही उलटी रीत आहे. दरबाराला ते पटले. निरीक्षकाचा दर्जा दोन हजार मापांवर नेला, पदवीही बदलून ‘मू’, म्हणजे प्रांताधिपती, अशी केली. तीनच वर्षांनी झू बो नावाच्या मंत्र्याने हे फिरवायला लावले. त्याचे म्हणणे वाचताना आजही मान डोलते. दर्जा लहान आणि बक्षीस मोठे, म्हणून निरीक्षक जीव तोडून काम करतात, असे त्याने सांगितले. नऊ वर्षे नीट निभावली तर सहाशे मापांचा माणूस थेट जिल्हाप्रमुख व्हायचा. त्याला आधीच मोठे करून टाकले तर पुढे मिळवण्यासारखे काही उरत नाही. मग साधारण कुवतीचा माणूस स्वतःचे पद सांभाळण्यातच धन्यता मानतो आणि गैरकारभार सुखाने चालू राहतो. पुढे पद पुन्हा वर गेले, आणि इ.स. 42 मध्ये सम्राट ग्वांगवू याने ते पुन्हा खाली आणले. सतराव्या शतकातला विद्वान गू यानवू यानेही या रचनेची मनापासून वाखाणणी केली आहे: पद लहान, पण सोपवलेले काम मोठे.

माझ्या मते या रचनेचे खरे बळ निरीक्षकाच्या दुबळेपणात होते. जिल्हाप्रमुखाला हटवून त्या जागी आपण बसावे, हे त्याला शक्य नव्हते. साऱ्यात त्याचा वाटा नव्हता. त्याच्या शब्दाला वजन येई ते केवळ राजधानीत तो शब्द ऐकला जाई म्हणून. म्हणजे ही व्यवस्था दोन टोकांवर उभी होती: एका टोकाला पाहणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा.

दुसऱ्या शतकात दोन्ही टोके झिजली. निरीक्षकांची ठाणी कायमची झाली होती आणि वर्षअखेरीस ते स्वतः राजधानीला न जाता कारकुनाहाती अहवाल धाडू लागले होते. त्याहून मोठी गोष्ट फौजेची. ग्वांगवूने इ.स. 30 मध्ये जिल्ह्यांतले लष्करी अधिकारी आणि सालाबादची कवायत बंद केली होती. लोकांवरचा भार हलका करण्याचा हेतू चांगला होता, पण बंड दोन-तीन जिल्ह्यांत पसरले तर त्याला आवर घालणार कोण? जिल्ह्यांच्या वर असलेला माणूस एकच, निरीक्षक. तेव्हा प्रत्येक बंडाच्या वेळी त्यानेच सैन्य गोळा करावे अशी वहिवाट पडत गेली.

ऐकणाऱ्या टोकाची अवस्था याहून वाईट होती. सम्राट लिंग याने 178 मध्ये राजवाड्याच्या पश्चिम बागेत पदांची उघड विक्री मांडली. दोन हजार मापांच्या पदाला दोन कोटी नाणी, चारशे मापांच्या पदाला चाळीस लाख. सात वर्षांनी राजधानी लोयांगचा दक्षिण राजवाडा जळाला. तो पुन्हा बांधण्यासाठी जमिनीवर जादा कर बसला आणि नव्या नेमणुकीच्या प्रत्येक अधिकाऱ्याने आधी पश्चिम बागेत जाऊन रक्कम ठरवावी असा नियम आला. सिमा झी नावाच्या गृहस्थाला जूलू जिल्ह्याचे प्रमुखपद मिळाले. तो सचोटीचा म्हणून ख्यातनाम, त्यामुळे त्याला तीस लाखांची सूट दिली गेली. लोकांचे मायबाप म्हणवायचे आणि त्यांनाच ओरबाडून दरबाराची हाव भागवायची, हे आपल्याच्याने होणार नाही, असे म्हणून त्याने आजारपणाचे कारण पुढे केले. दरबाराने ऐकले नाही. राजधानीजवळ मेंगजिनच्या घाटावर त्याने काळाचे सारे दोष मांडणारे पत्र सम्राटासाठी लिहिले आणि विष घेतले. त्या पत्रानंतर राजवाड्याच्या बांधकामाची वसुली काही काळ थांबली. जूलू हा पिवळ्या फेट्यांच्या बंडाचा म्होरक्या झांग जुए याचा जिल्हा. बंड मोडून वर्षही लोटले नव्हते, आणि तिथला कारभार दरबार तेव्हा विकायला काढत होता.

तरीही जुनी रचना पार मेली नव्हती, हे ज्या त्सुंग नावाच्या निरीक्षकाच्या कामावरून दिसते. 184 मध्ये तो दक्षिणेच्या टोकाला, जियाओझी प्रांतात निरीक्षक म्हणून गेला. तिथे बंड चालू होते. त्याने आधी कारण विचारले. कर असह्य, राजधानी दूर, दाद मागायला जागा नाही, म्हणून एकत्र आलो, असे लोकांनी सांगितले. त्याने कर माफ केले, चांगले अधिकारी निवडले आणि वर्षभरात प्रांत शांत झाला. पुढे जी प्रांताचे निरीक्षकपद मिळाले तेव्हा रिवाजाप्रमाणे लाल पडद्यांची गाडी त्याला घ्यायला आली. निरीक्षकाने दूरवर पाहायचे आणि चहूकडचे ऐकायचे असते, तो पडदे लावून तोंड का झाकील, असे म्हणून त्याने पडदे वर करायला लावले. ही वार्ता पुढे पोहोचली आणि ज्यांचे हात बरबटले होते ते अधिकारी पदाची मुद्रा सोडून पळून गेले. इतका धाक सहाशे मापांच्या माणसाचा.

पण 187 आणि 188 ही साले निरीक्षकांच्या मुळावर आली. लियांग प्रांताचा निरीक्षक स्वतःच्याच बंडखोर माणसांच्या हातून मारला गेला. बिंगचा हल्लेखोरांशी लढताना पडला. यी प्रांतात, म्हणजे आजच्या सिचुआनच्या मुलखात, शी ज्येन या निरीक्षकाने जनतेला इतके पिळले होते की त्याच्याविरुद्धच्या तक्रारी राजधानीपर्यंत गेल्या होत्या; तोही बंडात मारला गेला. अशा वेळी राजघराण्यातल्या ल्यू येन याने तोडगा सुचवला. निरीक्षकांना वजन नाही आणि नेमणुकाही भलत्यांच्या होतात. तेव्हा नावाजलेल्या मोठ्या मंत्र्यांनाच प्रांताधिपती करून धाडा. पहिल्या फेरीत तिघे निघाले: ल्यू येन यी प्रांताला, ह्वांग वान यू प्रांताला आणि ल्यू यू यौ प्रांताला.

ल्यू येनचे मन आधी दूरच्या जियाओझीवर होते. यीच्या आकाशात सम्राटपदाची लक्षणे आहेत, असे एका जाणत्याने कानात सांगताच त्याने यी मागून घेतला. तिथे पोहोचल्यावर त्याने झांग लू या पंथप्रमुखाला हानझोंगच्या खोऱ्यात पाठवले. झांग लूने डोंगरातल्या वाटा तोडल्या, दरबाराचे दूत मारले, आणि ल्यू येनने वर कळवले की तांदूळ-पंथाच्या लुटारूंनी रस्ता अडवल्यामुळे संपर्क ठेवता येत नाही. या खबरीची शहानिशा करायला यी प्रांतात कोणी निरीक्षक उरला नव्हता. निरीक्षकाच्या जागी ल्यू येनच बसला होता. त्याने सम्राटाला शोभतील अशा हजारावर गाड्या बनवून घेतल्या. 194 मध्ये तो वारला तेव्हा स्थानिक वजनदारांनी त्याचा मुलगा ल्यू झांग याला गादीवर बसवले आणि दरबाराने मान डोलावली. इतक्या सहज प्रांत वारशाने गेला.

हीच सत्ता ल्यू यूला मिळाली होती, आणि त्याची कहाणी मला जास्त अस्वस्थ करते. यौ हा ईशान्य सीमेवरचा प्रांत, त्याचा मुख्य गाव म्हणजे आजच्या बीजिंगची जागा. सीमेचा खर्च भागवायला शेजारच्या प्रांतांतून दरवर्षी वीस कोटींवर नाणी येत. रस्ते तुटले आणि ती मदत थांबली. ल्यू यूने शेतीला हात दिला, सीमेवरच्या टोळ्यांसाठी शांगगूला बाजार उघडला, यूयांगच्या मीठ-लोखंडावर उत्पन्न उभे केले. दक्षिणेतून पळून आलेल्या दहा लाखांवर माणसांना त्याने जमिनीवर वसवले. स्वतः फाटकी टोपी ठिगळ लावून वापरी. 191 मध्ये युआन शाओ हा सरदार आणि त्याच्या साथीदारांनी त्याला सम्राट व्हायची गळ घातली तेव्हा त्याने ती संतापून झिडकारली. पण त्याच्याच हाताखालचा सेनानी गोंगसुन त्सान त्याला जुमानेना. टोळ्यांशी सलोखा करायचा की त्यांना ठेचायचे, यावरून दोघांचे बिनसले. दोघेही एकमेकांविरुद्ध दरबाराला लिहीत राहिले, आणि दरबार तेव्हा स्वतःच सेनापतींच्या बंदिवासात होता. 193 मध्ये ल्यू यू सैन्य घेऊन चालून गेला. एकट्या त्सानला मारा, दुसऱ्या कोणाला इजा करू नका, घरे जाळू नका, असा त्याचा हुकूम होता. त्सानने वारा पाहून आग लावली, काही शे निवडक माणसांनिशी हल्ला चढवला आणि ती मोठी फौज विस्कटली. ल्यू यूचे अधिकार वाढवणारे फर्मान घेऊन दूत नेमका त्याच वेळी आला. ल्यू यू सम्राट होऊ पाहत होता असा आळ घेऊन त्सानने त्या दूताकडूनच भर बाजारात त्याचा शिरच्छेद करवला. मागून त्याच्या वाड्यात बायकांची रेशमी वस्त्रे सापडली आणि लोक त्याच्या साधेपणाविषयीही शंका घेऊ लागले, अशी नोंद आहे. त्या रेशमाने माझे मत बदलत नाही. दहा लाख माणसे त्याने जगवली होती.

दुष्ट अधिपती टिकला आणि भला अधिपती मारला गेला, म्हणून दोष माणसांचा, असे म्हणून सुटता येत नाही. दोघांतला तंटा तोडायला दोघांपैकी कोणाचा मिंधा नसलेला तिसरा माणूस लागतो. ल्यू यूच्या बाजूने खरे सांगू शकेल असा माणूस व्यवस्थेत शिल्लकच नव्हता. त्याच्या इमानाला साक्षीदार नव्हता, जसा ल्यू येनच्या बेइमानीलाही नव्हता.

पुढचे सारे भराभर घडले. ल्यू ब्याओ नावाच्या अधिपतीने जिंग प्रांत बांधला, शियांगयांगला हजारावर विद्वानांना आसरा दिला, आणि 208 मध्ये तो वारल्यावर मुलाने प्रांत त्साओ त्साओ या उत्तरेतल्या बलाढ्य सरदाराच्या पदरात टाकला. प्रांताचे मोल आता किती सैनिक निघतील यावर होऊ लागले. 204 मध्ये त्साओ त्साओने जी प्रांत घेतला तेव्हा खानेसुमारीची दप्तरे चाळून तो आनंदाने म्हणाला की इथून तीन लाख शिपाई उभे राहतील, खरोखरच मोठा प्रांत आहे. त्सुई यान नावाच्या अधिकाऱ्याने भर बैठकीत त्याला सुनावले: माणसांची हाडे उघड्यावर पडली आहेत, त्यांची विचारपूस करायची सोडून आधी शिपाई मोजता? त्साओ त्साओचा चेहरा बदलला आणि त्याने माफी मागितली.

त्याच सुमारास त्याला कोणी सुचवले की पुराणकाळचे नऊ प्रांत पुन्हा आणावेत, म्हणजे जी प्रांत फुगेल. श्युन यू या सल्लागाराने अडवले, उरलेले सरदार बिथरतील म्हणून. श्युन यू 212 मध्ये वारला आणि 213 च्या आरंभी नऊ प्रांतांचा हुकूम निघाला. यौ आणि बिंग जी प्रांतात विरले. काही महिन्यांत त्साओ त्साओ वेईचा ड्यूक झाला आणि त्याला जी प्रांतातले दहा जिल्हे जहागीर मिळाले. 220 मध्ये त्याच्या मुलाने शेवटच्या हान सम्राटाला पायउतार केले.

280 मध्ये जिन घराण्याने हान साम्राज्याच्या तुकड्यांतून झालेली तिन्ही राज्ये एका छत्राखाली आणली, तेव्हा सम्राटाने प्रांतांच्या आणि जिल्ह्यांच्या फौजा मोडण्याचा हुकूम काढला: मोठ्या जिल्ह्यात शंभर हत्यारी माणसे ठेवायची, लहान जिल्ह्यात पन्नास. निरीक्षकांनी जुन्या हान रीतीप्रमाणे फक्त तपासणी करावी, असा त्यामागचा मनसुबा होता. पण त्याच सम्राटाने आपल्या घराण्यातल्या राजपुत्रांच्या हाती जहागिरी आणि सैन्य दिले होते, आणि त्या राजपुत्रांची चौकशी करील असा सहाशे मापांचा माणूस त्याने कुठेही नेमला नाही. 291 पासून पुढली पंधरा वर्षे ते एकमेकांशी लढले. 311 मध्ये लोयांग पडले.