पुलावरून कोण जाणार?

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ पाहताना शेवटाकडे माझं मन फितूर होतं. पूल जपानी सैन्यासाठी बांधलेला आहे, त्यावरून त्यांचे सैनिक आणि रसद ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे जाणार आहे, आणि तो उडवायला आलेली माणसं माझ्या बाजूची आहेत, हे सगळं कळत असतं. तरीही रात्रीतून नदीचं पाणी उतरतं, सुरुंगाची तार उघडी पडते, कैद्यांकडून तो पूल बांधून घेणाऱ्या ब्रिटिश कर्नल निकल्सनच्या नजरेला ती पडते, आणि मला वाटतं की पूल राहावा. इतका नेटका, ताठ उभा असलेला, कैद्यांनी उपाशीपोटी बांधलेला पूल.

‘आवडता युद्धपट कोणता?’ या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं हेच नाव सांगत आलो. पण त्यात मला नेमकं काय आवडतं, हे स्वतःला विचारलं ते निवृत्तीनंतर. माझी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात, तोफगोळ्यांच्या फ्यूजच्या तपासणीत गेली. फ्यूज म्हणजे गोळ्याच्या टोकाचा तो भाग, जो गोळा कधी फुटायचा ते ठरवतो. वेळेआधी फुटला तर तोफेजवळची आपलीच माणसं जातात. म्हणून गेज लावायचं, मापात बसलं तर पुढे, नाही बसलं तर बाजूला. लॉट पास झाला की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. ते समाधान खरं होतं, आजही मी ते नाकारत नाही. म्हणूनच संध्याकाळच्या उजेडात पुरा झालेल्या पुलावर उभा राहून निकल्सन आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब मांडतो, तेव्हा निकल्सन झालेल्या अॅलेक गिनेसचा तो चेहरा मला परका वाटत नाही.

डेव्हिड लीनने हा चित्रपट १९५७ मध्ये केला. सिलोनमध्ये कितुलगलाजवळ खरा पूल उभारला, त्यावर खरी आगगाडी आणली आणि दोन्ही उडवून दिलं. सात ऑस्कर मिळाले. या गोष्टी कुणीही सांगेल. मला अडवतो तो त्यातला एक छोटा संवाद. लष्करी डॉक्टर क्लिप्टन निकल्सनला विचारतो, आपण शत्रूसाठी इतका उत्तम पूल बांधतोय, हे बरोबर आहे का? निकल्सन उलट विचारतो: उद्या या छावणीच्या प्रमुखावर, सायटोवर, शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर तू नीट करशील की त्याला मरू देशील? डॉक्टर निरुत्तर होतो. मीही कित्येक वर्षं निरुत्तर झालो, आणि मनातून सुखावलो. काम करायचं तर चोख करायचं, ते कुणाच्या उपयोगाला येतं हे पाहणं आपलं काम नाही, असा तो दिलासा होता.

आता त्या उत्तरातली फट मला दिसते. डॉक्टरपुढे टेबलावर माणूस असतो. त्याच्या हाताखालचा देह कुणाचा आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि ठाऊक असूनच तो वाचवतो. निकल्सनला पूल दिसतो, पुलावरून जाणारी गाडी दिसत नाही. ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मलाही गेज दिसायचं. गोळा जिथे पडणार ती जागा आमच्या टेबलापासून इतकी लांब होती की ती जागा आहे, हेच मनात यायचं नाही.

या चित्रपटाच्या मागचा खरा इतिहास वाचला तेव्हा आणखी एक गोष्ट टोचली. सयाम आणि ब्रह्मदेश जोडणाऱ्या त्या सुमारे ४१५ किलोमीटरच्या रेल्वेवर दोस्त राष्ट्रांचे बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. पण त्याहून कितीतरी जास्त मेले ते आशियाई मजूर: मलायाच्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ, ब्रह्मी, जावाचे, मलय. त्यांच्या मृत्यूंचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास केला जातो. चित्रपटात ते जवळजवळ नाहीतच. आणि खरे ब्रिटिश अधिकारी, कर्नल फिलिप टूझी, निकल्सनसारखे नव्हते. त्यांनी आपली माणसं जगवण्यासाठी जपान्यांशी जुळवून घेतलं, पण त्यांच्या हाताखाली पुलाचं काम जमेल तसं बिघडवण्याचे प्रयत्नही चालत. ज्या पुलावर मी इतकं प्रेम केलं, त्याच्या रेल्वेवर मेलेल्या तमिळ मजुरांकडे पाहायची मला या चित्रपटाने सवड दिली नाही, आणि मीही ती मागितली नाही.

इथून पुढे मी माझे बाकीचे आवडते युद्धपट एकाच प्रश्नाने तपासू लागलो. यात पलीकडचा माणूस मला दिसतो का?

‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ आणि ‘व्हेअर ईगल्स डेअर’ इथे लगेच गळतात. त्यांत जर्मन सैनिक पडतात ते फक्त वाट मोकळी करण्यासाठी. मी ते अजूनही रंगून पाहतो, हेही लिहून ठेवतो.

‘बॉर्डर’चं उत्तर मला जास्त जड गेलं. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, ४ आणि ५ तारखेच्या मधल्या रात्री, लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सुमारे १२० जवान पाकिस्तानी रणगाड्यांसमोर रात्रभर टिकले. उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाड्यांचा फडशा पाडला. या लढाईत आपले दोन जवान गेले. १९९७ च्या चित्रपटात मात्र एकामागून एक किती तरी जण धारातीर्थी पडतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड पडद्यावर मरतात, आणि खरे भैरोसिंह २०२२ पर्यंत हयात होते. मी त्या मृत्यूवर थिएटरात रडलो आहे, आणि ते अश्रू खोटे नव्हते. पण इतक्या बिकट रात्रीतून जवळजवळ सगळी माणसं जिवंत परतली, ही या लढाईतली सर्वात मोठी गोष्ट. ती मला का पुरली नसती? घरी परतलेला शिपाई मला मेलेल्या शिपायाइतका मोठा का वाटत नाही? दिग्दर्शकाला दोष देऊन मी सुटत नाही. माझ्यासारख्या प्रेक्षकाला काय लागतं हे त्याने अचूक ओळखलं होतं.

चेतन आनंदचा ‘हकीकत’ त्या मानाने फार प्रामाणिक. १९६२ च्या पराभवाला दोन वर्षंही नीट उलटली नव्हती, तेव्हा लडाखात जाऊन त्याने हरलेल्या माणसांचा चित्रपट केला. बर्फात, दारूगोळा संपत आलेला, मागे हटण्याचा हुकूम. त्याच युद्धात रेझांग लाच्या चौकीवर १३ कुमाऊंचेही सुमारे १२० जणच होते, आणि त्यांतले ११० हून अधिक पडले. तिथे मृत्यू वाढवून सांगायची गरज कुणालाच नव्हती.

माझ्या यादीत पलीकडचा माणूस सर्वांत आधी, आणि कदाचित सर्वांत स्पष्ट, दाखवला तो १९३० च्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ने. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात जर्मन पॉल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि रात्रभर त्याच खड्ड्यात त्या मरणाऱ्या माणसाशेजारी अडकून पडतो. त्याला पाणी पाजतो, त्याची माफी मागतो, त्याच्या पाकिटात बायको-मुलीचा फोटो सापडतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये नाझींनी थिएटरात उंदीर सोडून हा खेळ उधळला आणि पुढे जर्मनीत त्यावर बंदीच आली. शत्रूला बायको-मुलं असतात, ही बातमी त्यांना किती धोक्याची वाटली असेल! मी मात्र त्या प्रसंगात खड्ड्याकडे पाहत होतो. तो खड्डा करणारा गोळा कुणीतरी तपासून पास केला असणार.

मग ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’, १९५९, ग्रिगोरी चुखराईचा. एकोणीस वर्षांचा अल्योशा दोन रणगाडे उडवतो, आणि भीतीपोटी उडवले असं सरळ सांगतो. पदकाऐवजी घरी जाऊन आईच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला रजा मागतो. वाटेत एक अनोळखी सैनिक त्याच्याकडे साबणाच्या वड्या देतो, बायकोला पोचव म्हणतो. अल्योशा शोधत पोचतो, तर तिच्या घरात दुसरा पुरुष. तो साबण देतो, निघतो, पुन्हा जिना चढून परत येतो, साबण काढून घेतो आणि त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो. या प्रसंगात कुणी कुणाला मारत नाही. पण आघाडीवरच्या माणसाचं घर कसं मोडतं, हे त्या साबणाने मला जितकं कळलं तितकं कुठल्याही लढाईच्या दृश्याने कळलं नाही.

एलेम क्लिमोवचा ‘कम अँड सी’ मी एकदाच पाहिला. बेलारूसमधली जाळलेली गावं, आणि चित्रपटभर म्हातारा होत जाणारा फ्ल्योरा नावाच्या पोराचा चेहरा. शेवटी तो हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडत सुटतो, काळ उलटा फिरत जातो, आणि आईच्या मांडीवरचं हिटलरचं बाळपण समोर आल्यावर त्याला गोळी झाडता येत नाही. हा मला माहीत असलेला सर्वांत खरा युद्धपट आहे. तरी ‘क्वाय’ मी पुन्हा पुन्हा लावतो आणि याला हात लावत नाही. माझ्या आवडीत मी स्वतःला किती जपलंय, ते एवढ्यावरूनच दिसतं.

देशाला सैन्य लागतं, सैन्याला दारूगोळा लागतो, आणि तो बिनचूकच असला पाहिजे. यावरचा माझा विश्वास या कुठल्याही चित्रपटाने हलवला नाही. लोंगेवालाच्या जवानांच्या हातात सदोष माल पडला असता तर काय झालं असतं, याचा विचारही मला सहन होत नाही. उद्या मला पुन्हा त्या टेबलाशी बसवलं तर मी गेज तसंच लावीन, तितक्याच काटेकोरपणे. पण लॉट पास झाल्याच्या दिवशी जेवण तितकंच गोड लागेल का? क्लिप्टनचा प्रश्न मला विचारला गेला असता, तर निकल्सनसारखं उलट विचारून मी मोकळा झालो नसतो. हा गोळा कुणावर पडणार, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना मी खूश आहे, एवढं तरी त्या डॉक्टरला सांगितलं असतं.