देवदेवेश्वरी काय मागावे?

सद्भक्तहो, माहूरचा डोंगर चढताना आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एखादे मागणे असते: मुलीचे लग्न, शेताचा वाद, घरातले दुखणे. संसारी जीवाला ते स्वाभाविकच होय. परंतु देवदेवेश्वराच्या स्थानी ते मागणे ओठांवर आणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचे निद्रास्थान. परंपरा सांगते की, प्रभू काशीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा, पांचाळेश्वरी भोजन आणि माहुरास शयन करितात. ज्याच्यापाशी आपण मागावयास जातो, तो स्वतःच भिक्षेसाठी दारी उभा राहतो! त्याला काय उणे आहे? जीवाला आपले सन्निधान घडावे, एवढ्याचसाठी ही लीळा.

याच डोंगरावर मेरुवाळ्यापाशी व्याघ्रवेषातील प्रभूंनी श्रीचक्रपाणिप्रभूंच्या मस्तकी चवडा ठेविला. तीच कृपा पुढे द्वारावतीस श्रीगोविंदप्रभूंना आणि त्यांच्याकडून सर्वज्ञ श्रीचक्रधरांना लाभली. आपल्या मार्गाचा उगम असा या गिरिशिखरी आहे.

स्थान वंद्य आहे ते दगडामुळे नव्हे, ईश्वरसंबंधामुळे. म्हणून ओट्यावर मस्तक ठेवताना लीळा आठवावी. ज्यांचे गुडघे थकले, त्यांनी खंत करू नये. बसल्या जागी केलेले स्मरण प्रभूंना पोहोचते. मात्र जो शिखर चढला आणि नवस तेवढाच बोलून उतरला, त्याच्या कपाळाला केवळ पाषाण लागला. मागावयाचेच तर अखंड स्मरण मागावे.

दंडवत प्रणाम.