स्वतःचंच नुकसान करणाऱ्याला कायद्याने अडवावं का?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या ३६व्या श्लोकावर. अर्जुन तिथे अगदी आपल्या मनातला प्रश्न विचारतो. माणसाची स्वतःची इच्छा नसते, तरी कुणीतरी मागून ढकलल्यासारखा तो पाप का करतो? भगवंत पुढच्याच श्लोकात उत्तर देतात की हा काम आहे, हाच क्रोध आहे, रजोगुणातून आलेला, कितीही दिलं तरी पोट न भरणारा. हाच तुझा वैरी.

हा श्लोक वाचला की मला व्यसन आठवतं, आणि मग आपल्या वयाच्या लोकांमध्ये हमखास होणारा एक वाद. "शरीर माझं, पैसा माझा. मी कुणाला त्रास देत नाही. मग सरकारचं काय जातं?" दारू असो, गांजा असो की गर्द, ज्याची झळ मुख्यतः घेणाऱ्यालाच बसते त्यावर सरकारने बंदी घालावी का?

भक्तांनी हा वाद उडवून लावू नये. कारण अठराव्या अध्यायात, सगळं ज्ञान सांगून झाल्यावर, ६३व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष देवाने सक्ती केली नाही, तर राज्य उत्पादन शुल्क खात्याने का करावी? आपल्या वारकऱ्यांची माळ बघा. माळ घातली की दारू सुटली. पण ती माळ पोलीस घालत नाही, माणूस आपल्या हाताने घेतो. म्हणून तर तिला किंमत आहे.

आता कायद्याकडे बघू. संविधानाचं कलम ४७ सांगतं की औषधापुरता वापर सोडून मादक पेयं आणि घातक मादक पदार्थ यांच्यावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही आहे, म्हणून तर प्यायला कागदोपत्री परमिट लागतं. गांजा, चरस, हेरॉइन यांच्यासाठी १९८५चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात नुसतं सेवन केलं तरी शिक्षा आहे. पण त्याच झाडाची पानं, म्हणजे भांग, त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे काय चालतं आणि काय नाही, ही रेघ निव्वळ अपायावर ओढलेली नाही. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

मला वाटतं, खरी गोम दोन श्लोकांच्या मधल्या अंतरात आहे. "तुला वाटेल तसं कर" हे वाक्य ज्याला म्हटलं, त्याच्याकडे विचार करायची ताकद होती. पूर्ण विचार कर, ही त्यातली अट आहे. आणि ३६व्या श्लोकातला माणूस? त्याला तर ढकललं जातंय. पहिला पेग "माझी मर्जी" असेलही. पण सकाळी हात थरथरतात म्हणून घेतलेला पेग कुणाची मर्जी? तिथे स्वातंत्र्याचं नाव घेणं म्हणजे बेडी घातलेल्याला "चाल, रस्ता मोकळा आहे" असं सांगण्यासारखं आहे. आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. त्याचा धंदा रोज न चुकता येणाऱ्यावर चालतो.

शिवाय "त्रास फक्त मला" हा हिशोबही तपासावा लागतो. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या चळवळीतून. आपल्या राज्यात बाईला वॉर्डातलं किंवा गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीला कौल दिला की दुकान बंद. मत द्यायला रांगेत उभ्या राहणाऱ्या या बायका स्वतः पीत नाहीत. मग झळ कुणाला बसली होती?

पण म्हणून सरसकट बंदी हे उत्तर आहे का? चंद्रपुरात २०१५ला बंदी आली आणि २०२१ला सरकारनेच उठवली. बिहारमध्ये २०१६पासून बंदी आहे. तिथेच डिसेंबर २०२२मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने कितीतरी माणसं गेली. अशा दारूत मिथेनॉल असतं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी दृष्टी जाते, मग जीव. मरणारा जवळजवळ नेहमी हातावर पोट असलेला असतो. पैसेवाल्याला चोरून का होईना, सीलबंद बाटली मिळते. तुरुंगाचंही तेच. शेवटी बिहारला २०२२मध्ये कायदा बदलून पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंडावर सोडायची सोय करावी लागली.

म्हणून माझं मत असं. विकणाऱ्याला कायद्याने जरूर अडवावं, आणि कडक अडवावं, कारण तो दुसऱ्याच्या बेडीवर पैसे कमावतो. घेणाऱ्याला मात्र गुन्हेगार समजू नये. कुणी म्हणेल, शिक्षेची भीती असली की पोरं वाटेला जात नाहीत. काही जात नसतीलही. पण जो आधीच अडकलाय त्याला तीच भीती डॉक्टरपासूनही लांब ठेवते. पोर्तुगालने २००१मध्ये स्वतःपुरता थोडा साठा बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि अशा माणसाला कोर्टाऐवजी एका समितीपुढे न्यायला सुरुवात केली. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. आपल्या एनडीपीएसमध्येही कलम ६४अ आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं. वाट कायद्यातच आहे, आपण तिच्यावरून फारसं चालत नाही.

आणि १९८६ साली, तो कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर दांपत्याने उभं केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. नशा सोडताना अंग मोडून निघतं, त्याला तिथली मुलं टर्की म्हणतात. त्या दिवसांत माणसाला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. गीतेत सात्त्विक सुखाचं वर्णन आहे ना, सुरुवातीला विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं. ते अमृत येईपर्यंतचे दिवस एकट्याने काढता येत नाहीत. वारकरी दिंडीत चालतो, एकटा नाही, हे उगाच नाही.

थोडक्यात, राज्याचं काम माणसाला पुण्यवान करणं हे नाही. ते कुठलंही सरकार करू शकत नाही. पण ३६व्या श्लोकातून त्या दुसऱ्या श्लोकापर्यंत, ढकललं जाण्यापासून स्वतः ठरवण्यापर्यंत, परतायची वाट उघडी ठेवणं हे नक्की राज्याचं काम आहे. आणि आपलंही.

आजचा संकल्प छोटा आहे. आपल्या सोसायटीत, टीममध्ये, नात्यात असा कुणी असेल, तर आज त्याच्याबद्दल "भोगतोय आपल्या कर्माने" असं म्हणायचं नाही. अर्जुनाने तो प्रश्न विचारला तेव्हा देवाने त्याला दोष दिला नाही, शत्रू कोण ते दाखवलं. आपण निदान माणसालाच शत्रू समजायचं थांबवू.

राम कृष्ण हरी. उद्या ३७वा श्लोक.