देवाचे चित्र आणि चित्रकाराची संमती

गेल्या वर्षी उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेचे काम माझ्याकडे आले होते. श्रीगजाननाचे एक प्रसन्न चित्र आंतरजालावर दृष्टीस पडले, ते मी उतरवून घेतले. मजकुरास जागा पुरेना, म्हणून चित्राच्या खालच्या कडेची पट्टी कापून टाकली. पत्रिका गोरव्यातील घरोघर गेल्या आणि पुष्कळांनी त्या वाखाणल्याही. पुढे दोन दिवसांनी आमच्या शेजारची, चित्रकला शिकणारी एक मुलगी पत्रिका हाती घेऊन आली आणि तिने एवढेच विचारले, “काका, खालची सही कुठे गेली?”

सही मी पाहिली होती. पाहूनच ती कापली होती.

अशा वेळी मन आपल्या बाजूने तत्परतेने वकिली करू लागते. देव सर्वांचा आहे. मग त्याचे चित्र एकाचे कसे? आम्ही त्यावर पैसाही मिळविला नाही. शिवाय ते जगापुढे उघडे ठेवलेलेच होते. हे तिन्ही युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष वाटतात. परंतु शेजाऱ्याच्या अंगणातील जास्वंद कुंपणाबाहेर डोकावत असली, तरी पूजेसाठी ती न विचारता तोडू नये, असे आपल्या घरांतील वडील माणसे सांगत आली आहेत. फूल देवासाठी हवे असते, म्हणूनच तेथे अधिक सावध राहावयाचे. देव सर्वांचा खरा. पण झाडाला घातलेले पाणी एका माणसाचे असते. अस्तेयाची गणना आपल्याकडे यमांत झाली आहे, आणि हेतू पवित्र असल्यास त्यातून सूट मिळते, असे मला तरी कोठे आढळले नाही.

कोणी म्हणेल, राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या, त्या काय प्रत्येकाने अनुज्ञा मागून? हा दाखला आपल्या बडोद्याच्या फार जवळचा आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे काढवून घेतली. पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, तो आपली चित्रे सामान्य माणसाच्या भिंतीवर जावीत म्हणूनच. छापखाना त्यांना परवडेना, तेव्हा तो त्यांनी जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकला, आणि चित्रे छापण्याचे हक्कही त्याबरोबर रीतसर दिले. म्हणजे देवाची चित्रे सर्वत्र गेली, ती चित्रकाराने देऊ केल्यामुळे. दान करावयाचे की नाही, हे ज्याची वस्तू त्याने ठरवावयाचे. घेणाऱ्याने परस्पर ठरविले, तर त्यास दान म्हणता येत नाही.

आपला कायदाही याच अंगाने जातो. १९५७ च्या कृतिस्वाम्य अधिनियमानुसार चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांची चित्रे आज सर्वांना मोकळी आहेत. परंतु आपल्या आजोळच्या देवघरांत ज्यांच्या दिनदर्शिकांवरील देव चौकटीत बसविलेले असत, त्या रघुवीर मुळगावकरांचे निधन १९७६ सालचे. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३६ अखेरपर्यंत राहतो. त्याच अधिनियमाचे ५७ वे कलम तर आणखी पुढे जाते. हक्क विकले तरीही कृती आपली असल्याचे सांगण्याचा, आणि आपल्या मानास बाधा आणणाऱ्या तिच्या मोडतोडीस हरकत घेण्याचा अधिकार कर्त्यापाशीच राहतो. माझ्या कात्रीने नेमका यालाच हात घातला होता.

२०१५ साली कासरगोडच्या करण आचार्य या तरुण चित्रकाराने गावातील मुलांच्या ध्वजासाठी हनुमंताची उग्र मुद्रा रेखाटली. ती पुढे देशभर मोटारींच्या काचांवर झळकली. तिला हात जोडणाऱ्यांपैकी तिच्या कर्त्याचे नाव किती जणांस ठाऊक असेल?

मी त्या गजाननाच्या चित्रकारास क्षमायाचनेचे पत्र पाठविले. उत्तर आलेले नाही, आणि ते यावेच अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नाही. काम उरकल्यावर कळविणे निराळे आणि आधी विचारणे निराळे. विचारणे म्हणजे नकार ऐकण्याची तयारी ठेवणे. ती तयारी नसेल, तर विचारणे हा केवळ उपचार होतो.

म्हणून आपल्या सभासद कुटुंबांस माझी विनंती आहे. उत्सवाची पत्रिका असो, घरच्या मुंजीची असो वा मुलांच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ असो. चित्रकारास दोन ओळी आधी लिहाव्यात. कोणते चित्र, कशासाठी, किती प्रती, त्यात काही फेरफार करणार का, हे स्पष्ट सांगावे. होकार आल्यास त्याचे नाव छापावे. नकार आल्यास तो आनंदाने मानावा. उत्तरच न आल्यास मौनाला संमती समजू नये. आणि चित्र हवेच असेल, तर महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची ललितकला विद्याशाखा याच नगरात आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्यास यथाशक्ती मानधन देऊन नवे चित्र काढून घ्यावे.

यंदाच्या पत्रिकेवरील गजानन त्या शेजारच्या मुलीने रेखाटला आहे. मजकूर थोडा कमी करावा लागला. सही जागच्या जागी आहे.