कष्ट कोणाचे, पुण्य कोणाचे?



वाटेचे कष्ट काय असतात, हे तुम्हाला सांगायला नको. तळपायाचे फोड, अंगावरच वाळलेला सदरा, पावसात चिखल झालेला तळ आणि त्या चिखलावर ताडपत्री टाकून काढलेली रात्र, हे सगळे तुम्ही सोसलेले आहे. त्यातूनच आपल्या मनात एक हिशेब पक्का बसतो. जेवढे कष्ट जास्त, तेवढे पुण्य जास्त. मोटारीने पंढरपूर गाठणाऱ्यापेक्षा पायी चालत गेलेला आपल्याला मोठा वाटतो. मीही हाच हिशेब धरून चाललो होतो. तो हिशेब एकदा हिमालयात, गरम पाण्याच्या एका कुंडाकाठी, चुकला. काय चुकले ते तुमच्यापुढे ठेवतो. पटले तर घ्या.

उन्हाळ्याचे झरे आपल्याला नवे नाहीत. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही नावे घरोघरी माहीत आहेत. राजापूरजवळ उन्हाळे आहे, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. सांधे धरलेली म्हातारी माणसे तेथे जातात, अंग शेकून येतात. मात्र यमुनोत्रीचे गरम पाणी असे हाताशी नाही. मोटारीचा रस्ता जानकीचट्टीला संपतो, आणि तो रस्तासुद्धा एका अंगाला सुटत्या दरडीचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खोल दरीतली यमुना, असा आहे. तेथून पुढे सुमारे सहा किलोमीटरची उभी चढण. मंदिराची उंची समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,२९० मीटर. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तर होईल एवढी. अक्षय्य तृतीयेला मंदिराची दारे उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. यमुना ही यमाची बहीण, म्हणून निरोपाचा दिवस तो.

आमच्या दिंडीतली वीसेक माणसे चारधामला निघाली, तेव्हा थोरल्या काकूनेही हट्ट धरला. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. तिला चढवायचे कसे? जानकीचट्टीला खेचरे मिळतात, चौघांनी उचलायची डोली मिळते, आणि कंडी मिळते. कंडी म्हणजे पाठीवर घ्यायची वेताची टोपली. तिच्यात माणूस बसतो आणि एकच माणूस त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. काकूसाठी आम्ही कंडी ठरवली. कंडीवाला नेपाळचा, वयाने माझ्या मुलाएवढा असेल. मी त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली. भाव बराच उतरवला आणि मंडळींना कौतुकाने सांगितलेही. काकू साठ किलोच्या घरातली. त्याने टोपलीचे बंद खांद्यांत घातले, कपाळावरून पट्टा घेतला, वाकला आणि निघाला.

मी पायी चढत होतो. दम लागत होता, पण आतून बरे वाटत होते. आपण चालतो आहोत, खेचरावर बसलो नाही, ही गुर्मी त्यात होती, हे आज कबूल करतो. वाट अरुंद, खेचरांच्या लिदीने निसरडी. खेचरांच्या घंटा वाजल्या की डोंगराच्या अंगाला चिकटून उभे राहायचे. एका वळणावर एक खेचर पाण्याच्या नळाकडे मान ओढत होते आणि मालक त्याला पुढे रेटत होता, कारण वर बसलेल्या यात्रेकरूला उशीर होत होता. मी ते पाहिले आणि पुढे गेलो. काशीहून आणलेली कावड रामेश्वराला न वाहता तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या नाथबाबांची कथा मी कितीदा सांगितली असेल. त्या वळणावर ती मला आठवली नाही.

वर पोचलो तेव्हा वाफेचे लोट उठत होते. सूर्यकुंडाचे पाणी जवळजवळ उकळते असते. त्या उंचीवर पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळते, आणि कुंडाचे पाणी त्याच्या जवळ पोचलेले असते. फडक्यात तांदूळ आणि बटाटे बांधून पुरचुंडी पाण्यात सोडायची, शिजले की तोच प्रसाद. स्नानाचे तप्तकुंड वेगळे, तेथले पाणी अंगाला सोसवेल असे. बाहेर बर्फगार वारा आणि आत ते ऊन पाणी. सहा किलोमीटरचा शीण एका बुडीत गेला. पाण्यात उभा राहून मी मनाशी म्हणालो, केलेल्या कष्टाचे फळ मिळाले.

माउली, येथे थोडे थांबू. हे पाणी तापते कसे? डोंगरावरचा पाऊस आणि वितळलेले बर्फ खडकांच्या भेगांतून खोल मुरते. जमिनीत दर किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. खोलवर तापलेले हे पाणी मग एखाद्या मोठ्या भेगेतून वेगाने वर येते आणि गार होण्याआधीच बाहेर पडते. म्हणजे मी ज्या पाण्याला माझ्या चालण्याचे फळ म्हणत होतो, ते मी जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून खाली तापत होते. मी चाललो म्हणून ते एका अंशानेही जास्त ऊन झाले नव्हते, आणि टोपलीत बसून आलेल्या काकूसाठी ते गारही झाले नव्हते.

काकू बायकांच्या कुंडातून न्हाऊन आली. पुरचुंडी शिजली. ती सोडायला बसलो तर काकू म्हणाली, "तो कुठं आहे?" मी विचारले, "कोण?" "अरे, मला आणलं तो!" तो खाली पायऱ्यांशी रिकाम्या टोपलीजवळ बसला होता. अंगावरचा घाम त्या वाऱ्यात गार पडलेला. काही खाल्लेले नव्हते. काकू भिंत धरत धरत त्याच्यापर्यंत गेली, पहिला भात त्याच्या हातावर घातला, आणि आपण वारीत एकमेकांना वाकतो तशी त्याच्या पायाशी वाकली. तो पोरगा दचकून मागे सरकला. काकू मला म्हणाली, "मी नाही आले रे वर. मला आणलं. त्याला माउली म्हणायचं नाही तर कुणाला?"

मी सकाळी उतरवलेला भाव मला आठवला.

पुंडलिकाची कथा तुम्ही जन्मभर ऐकली आहे. पण तिची सुरुवात आपण घाईने ओलांडतो. पुंडलिक काशीला निघाला तेव्हा तो बायकोसह घोड्यावर होता आणि म्हातारे आईबाप मागून पायी फरफटत येत होते. यात्रा त्याची आणि पायपीट त्यांची. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात रात्री त्याने तीन स्त्रिया पाहिल्या. येताना त्या मलिन होत्या. त्यांनी आश्रम झाडला, सडा घातला, पाणी भरले, आणि निघताना त्या उजळलेल्या होत्या. त्या होत्या गंगा, यमुना आणि सरस्वती. यात्रेकरूंचे पाप धुऊन मळलेल्या नद्या सेवा करून स्वच्छ होत होत्या. म्हणजे ज्या यमुनेत मी अंग धुऊन आलो, ती यमुना स्वतः स्वच्छ झाली ती हातात झाडू घेऊन. पुंडलिकाला हे कळले आणि तो घोड्यावरून उतरला. पुढे देव दारी आला, विटेवर उभा राहिला. आपले सारे पंढरपूर एका माणसाच्या घोड्यावरून उतरण्यातून उभे राहिले आहे.

आता कोणी विचारील, मग म्हाताऱ्या माणसांनी यात्रेला जाऊच नये काय? कंडीवाल्याला आपण नाकारले तर त्याची चूल कशी पेटेल? दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि म्हणून उत्तर सोपे नाही. काकूचे गुडघे उतरू देत नव्हते. कंडीवाल्याचे घर त्या हंगामावर चालते. दुसऱ्याच्या पाठीवर बसण्यात दोष नाही. लहानपणी आपण सगळेच आईच्या कडेवर बसलो आणि शेवटी चौघांच्या खांद्यावरून जाणार आहोत. दोष आहे तो बसून गेल्यावर 'मी चढलो' म्हणण्यात. पाठ त्याची आणि पुण्य माझ्या खात्यात, हा हिशेब देवाच्या दारी चालणार नाही असे मला वाटते.

त्याहून सूक्ष्म दोष माझा होता. मी स्वतःच्या पायांनी चढलो, म्हणून स्वतःला मोकळा समजत होतो. पण माझे सामान खेचरावर होते, माझा सकाळचा चहा कोणीतरी पाठीवरून वर आणलेल्या दुधाचा होता, आणि मी ज्या फरसबंदीवर चाललो तिचे दगड कोणीतरी वाहिले होते. केवळ आपल्याच कष्टाने कोणी तीर्थाला पोचत नाही. मग घोड्यावरून उतरायचे म्हणजे काय करायचे? ज्याचे पाय उतरू शकत नाहीत, त्याने मनाने उतरावे आणि हाताने द्यावे. ठरलेला दर घासाघीस न करता द्यावा. पाठीवरच्या माणसाला वाटेत बसू द्यावे, आपल्याआधी खाऊ द्यावे. जखमी जनावरावर बसू नये, त्याला पाण्यापाशी थांबू द्यावे. कुंडात साबण आणि यमुनेत जुने कपडे टाकू नयेत, कारण ते काढायलाही कोणालातरी वाकावे लागते.

हे हिमालयापुरते नाही. आषाढीच्या वाटेवर आपल्या आधी पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाया असतात. टँकरवर रात्र काढणारा असतो. पालखी पुढे गेली की मागे राहिलेला तळ झाडणारी माणसे असतात. ती पालखीबरोबर पंढरपूरला पोचत नाहीत, कारण झाडायला ती मागे राहतात. पायी वारीचे पुण्य आपण मोजतो तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येते? एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे कावडीने पाणी वाहत होता, आणि तो कोण हे घरात कोणाला कळले नाही, असे आपण मानतो. देव शोधायचा तर ओझे उचलणाऱ्यांत आधी शोधावा, असे ही कथा सांगत असावी. नाथांच्या घरी निदान त्याला प्रेमाने वागवले जात होते. आपण त्याच्याशी भाव करतो.

खाली उतरल्यावर मी सकाळी कापलेले पैसे आणि वर थोडे त्या पोराच्या हातावर ठेवले. मला वाटले होते तो हसेल, हात जोडेल. त्याने पैसे मोजले, खिशात घातले आणि टोपली उचलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. त्याला दुसरी खेप मिळवायची होती. तेव्हा मला समजले की त्याच्या चेहऱ्यावर मी माझ्या दानाची पावती शोधत होतो. ते दान नव्हतेच. त्याचेच पैसे त्याला उशिरा मिळाले होते, एवढेच.

काकू पुढच्या वर्षी गेली. यमुनोत्रीहून आणलेल्या बाटलीतले तीर्थ तिच्या मुखात घातले, तेव्हा मला त्या पोराची आठवण आली. ते पाणी मी आणले, असे म्हणायला जीभ वळेना.

माउली, येत्या वारीत तळावर पोचाल, पाय शेकाल, तेव्हा एकदा मागे वळून पाहा. आपण येथवर कोणाकोणाच्या पाठीवरून आलो, याची मोजदाद करा. ती पुरी होणार नाही. पण जेवढे चेहरे आठवतील, तेवढ्यांपुढे वाका, आणि ज्यांचे देणे राहिले असेल, त्यांचे आधी द्या.

रामकृष्ण हरी.